डाव्या बरगडीवरची गोधडी

“सरासरी साठ, सरासरी बासष्ट. मी त्या सरासरीचं काय लोणचं घालू?”

जयवंतीच्या डाव्या कानापासून हातभर अंतरावर कुणीतरी फोनवर करवादलं, तेही चक्क मराठीत. जयवंतीनं मान वळवली नाही. मांडीवर एका नवरीचं ब्लाउज होतं, त्याचे हुक लावायचे होते. मैदानाच्या कडेला पायऱ्यांवर बसून तिनं आजवर निदान हजारभर हुक लावले असतील.

बाहेरून आलेल्या मराठी माणसाची म्हैसुरात एक गंमत असते. आपली भाषा इथे कुणालाच कळत नाही अशा खात्रीनं तो बसमध्ये, बाजारात, देवळाच्या रांगेत मन मोकळं करतो. शेजारी बसलेल्या, कन्नड बाई वाटणाऱ्या बाईच्या घरी सकाळी उठल्यापासून मराठीच चालते, हे त्याच्या स्वप्नातही येत नाही. जयवंतीनं अशा रीतीनं किती तरी संसारांची उणीदुणी फुकटात ऐकली होती. पण आजचं ऐकणं फुकटातलं नव्हतं.

“इथे शंभरच्या वेगानं टाकणारी मुलगी म्हणजे तोफ,” ती बाई फोनवर म्हणत होती. “तिकडे एकशे वीसनं येतो, नाकासमोर येतो. आता ही चार नंबरवाली बघ. सगळे म्हणतात, शूर आहे. आखूड चेंडू आला की खुशाल अंगावर घेते आणि टाळ्या मिळवते. पाय मात्र खिळे ठोकल्यासारखे जागच्या जागी. शूर आहे की आणखी काही, ते अजून मला लागत नाहीये.”

जयवंतीनं डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहून घेतलं. पन्नाशीची बाई, डोक्यावर रुंद टोपी, गुडघ्यावर वही, उजव्या हाताची करंगळी मोडून वाकडी बसलेली. म्हणजे ह्याच त्या आभा मॅडम, निवड समितीच्या. पुण्याच्या, एकेकाळी भारताकडून खेळलेल्या. आणि चार नंबरवाली म्हणजे पावनी, जयवंतीच्या भावाची मुलगी. तेव्हा ती शहात्तरवर खेळत होती.

पावनी तेवीस वर्षांची होती. गेल्या तीन मोसमांत राज्याकडून खेळताना तिनं चौदाशे धावा केल्या होत्या. भारताचा ‘अ’ संघ दोन महिन्यांनी ऑस्ट्रेलियाला जायचा होता, पंधराजणींचा. चौदा नावं ठरली आहेत आणि मधल्या फळीतली एक जागा शिल्लक आहे, असं सगळीकडे बोललं जात होतं. त्या एका जागेसाठी दोन विभागांचा हा तीन दिवसांचा सामना म्हैसुरात ठेवला होता. घरच्या मैदानावर, घरच्या माणसांसमोर. यापुढे अशी संधी पावनीला मिळेलच असं नव्हतं. तेविसाव्या वर्षी मुलगी उगवती असते आणि सव्विसाव्या वर्षी तिला ‘अनुभवी’ म्हणतात, म्हणजे मावळती. मधली दोन वर्षं कुठे जातात ते समितीलाच ठाऊक.

जयवंतीचं घराणं रंगारी-शिंप्यांचं. चार पिढ्यांपूर्वी कुणीतरी कापड रंगवायला इकडे आलं ते इथेच राहिलं. घरात एकादशीला अभंग मराठीत आणि भांडणं अर्धीअधिक कन्नडमध्ये. सरस्वतीपुरमच्या एका आडरस्त्यावर तिचं शिवणाचं दुकान होतं. वय चोपन्न, लग्न केलं नव्हतं, आणि का केलं नाही हे विचारणारे आता थकले होते. शिवण ती कुणापाशी शिकली नाही. आधी उसवायला शिकली. वडिलांनी शिवलेला कपडा दुपारी गुपचूप उसवून बघायचा आणि ते उठायच्या आत पुन्हा शिवून ठेवायचा. क्रिकेटही ती तशीच शिकली, पायऱ्यांवर बसून, बाद झालेल्यांकडून.

आणि पावनीचे पाय का हलत नाहीत, हे त्या अख्ख्या मैदानावर तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. कारण ते तिनंच शिवलं होतं.

दहा वर्षांपूर्वीची गोष्ट. पावनी तेरा वर्षांची होती आणि मुलांच्यात सराव करायची, कारण मुलींचा सराव तेव्हा नव्हताच. एक चेंडू खेळपट्टीवरच्या खड्ड्यातून उसळला आणि तिच्या डाव्या बरगडीवर बसला. हाड पिचलं. सहा आठवडे घरी. परत गेली तेव्हा छातीचं पॅड बांधून गेली. शर्टाखालून ते कासवाच्या पाठीसारखं दिसायचं. मुलं हसली. दोन दिवसांनी ती दुकानात कापायच्या टेबलाजवळ येऊन उभी राहिली आणि खाली बघत म्हणाली, “आत्या, मला काहीतरी शिव ना. दिसणार नाही असं.”

जयवंतीनं एक शब्द विचारला नाही. गादीवाल्याकडून पातळ फोम आणला, मलमलीच्या दोन पदरांत घातला आणि गोधडीला घालतात तसे बारीक, जवळजवळ टाके घालून डाव्या बरगडीपुरतं अस्तर बनियनला शिवून टाकलं. वरचा शर्ट डाव्या अंगाला पाऊण इंच सैल सोडला. बाहेरून बघणाऱ्याला काय कळणार? मुलगी बारीक आहे आणि शर्ट जरा ढगळ आहे, एवढंच. पुढे राज्याचे तयार शर्ट यायला लागले तेव्हाही तिनं तेच केलं. उजवीकडून आत घ्यायचं, डावीकडे सोडायचं.

दरवर्षी नवं. एकूण अकरा झाली. घरात त्याला ‘आतलं’ म्हणत. आतलं धुतलं का, आतलं वाळलं का. भाऊ पांडुरंगराव म्हणत, वहिनी म्हणे, पावनीचे कोच शेषगिरी सरसुद्धा म्हणत. सगळ्यांना ते कशाला लागतं ते ठाऊक होतं, आणि सगळे त्याच्याबद्दल असं बोलत जणू ते थंडीचं स्वेटर आहे.

सामन्याच्या त्या पहिल्या दिवशी पावनीनं एकशे आठ केल्या. समोरच्या संघात मृण्मयी नावाची नागपूरकडची उंच, वेगवान मुलगी होती. तिचे तीन चेंडू पावनीनं खांदा वळवून बरगडीवर घेतले आणि चेहराही हलवला नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आभा मॅडमनी वहीत काहीतरी लिहून त्याच्याखाली दोनदा रेघ ओढली. जयवंतीनं घरी येऊन हे कुणाला सांगितलं नाही. पण ते खिळे ठोकलेले पाय काही तिच्या डोक्यातून जाईनात.

दुसऱ्या दिवशी समोरचा संघ फलंदाजीला होता. संध्याकाळी साडेसहाला शेषगिरी सरांची स्कूटर दुकानासमोर थांबली. सर सरकारी छापखान्यातून निवृत्त झाले होते. ते कायम कन्नडमध्ये बोलत, ही मंडळी मराठीत उत्तर देत, आणि इतक्या वर्षांत कुणाचं काही अडलं नव्हतं. मागोमाग पांडुरंगराव आले. दोघं एकदम आले म्हणजे बाहेर काहीतरी ठरवून आले, हे ओळखायला जयवंतीला मान वर करावी लागली नाही.

सरांनी आधी हवेबद्दल सांगितलं, मग गुडघ्याबद्दल, मग मुद्द्यावर आले. आभा मॅडमनी समोरच्या कप्तानाला बोलावून सांगितलं होतं, की उद्या पावनी आली की मृण्मयीला लावा, आणि आखूड टाकायला सांगा. निवडीचा सामना असल्यामुळे असं सांगायचा त्यांना हक्क होता. तेव्हा आतल्याला फोमचे एकाच्या जागी दोन पदर घालता येतील का, रात्रीत व्हायला हवं.

जयवंतीनं दोरीवर वाळत घातलेलं आतलं काढून आणलं, टेबलावर पसरलं, आणि छोट्या कात्रीनं एका बाजूनं उसवायला घेतलं. पांडुरंगराव म्हणाले, अगं, हे का फाडतेस, नवं आहे, दसऱ्यालाच केलंस. ती उसवत राहिली. मलमलीचा पदर बाजूला केला आणि दिवा खाली ओढला.

सगळं अस्तर नव्यासारखं होतं. फक्त एका जागी, तळहाताएवढ्या, टाके तुटले होते आणि फोमचा भुगा झाला होता. बाकी कुठे साधा वळसुद्धा नाही.

“सर, हे बघा,” ती म्हणाली. “कापड विरतं ते माणूस जिथे टेकतो तिथं. खुर्चीत बसणाऱ्याचं बसतो तिथं, लिहिणाऱ्याचं कोपरावर. दहा वर्षं बॉल येतोय आणि ही एकाच जागेवर घेतेय. तुम्ही हिला पाय हलवायला शिकवलंत, आणि मी हिला ते न हलवता भागेल असं शिवून दिलं.”

शेषगिरी सरांनी तो भुगा बोटांनी चाचपून पाहिला. ते काही वाईट कोच नव्हते. त्यांनाही ते दिसत होतं, आणि ते दरवर्षी म्हणत होते, की पुढच्या मोसमाआधी बघू. पण पुढचा मोसम यायचा, पावनी धावा करायची, आणि धावा करणाऱ्या मुलीच्या पायांत कोण हात घालणार? शेवटी ते म्हणाले, ही एकच जागा आहे, जयवंतम्मा. एकदा विमानात बसू दे, पाय तिकडे गेल्यावर हलवू. विमानातून उतरल्यावर पाय आपोआप हलायला लागतात, हे काही जयवंतीला पटलं नाही, पण सरांच्या पांढऱ्या केसांकडे बघून तिनं नुसती कात्री खाली ठेवली.

मग पांडुरंगराव बोलले. ते कधी जास्त बोलत नसत. “जयू, मुलाबद्दल असं काही कळलं ना, तर लोक म्हणतात, घोटून घेऊ. मुलीबद्दल कळलं की म्हणतात, तरी वाटलंच होतं. ही रेघ मी काढलेली नाही. पण माझी मुलगी तिच्या ह्या बाजूला उभी आहे.”

खरं होतं ते. जयवंतीनं ते डोळ्यांनी पाहिलं होतं. याच मैदानावर एका मुलीनं नेटमध्ये एक चेंडू सोडून पाय मागे घेतला, आणि वर्षभरात ती हेब्बाळच्या कंपनीच्या बसमध्ये दिसायला लागली. नोकरी चांगली होती, पगार उत्तम होता, पण मुलगी बसच्या खिडकीतून मैदानाकडे बघायची नाही.

तेवढ्यात पावनी आली. अंगावर दिवसभराच्या क्षेत्ररक्षणाची धूळ, हातात चहाचा कागदी कप. टेबलावरचं उसवलेलं अस्तर तिनं पाहिलं आणि सरांकडे, वडिलांकडे, आत्याकडे आळीपाळीनं बघितलं. तिला सांगावं लागलं नाही.

“दोन पदर घाल, आत्या,” ती म्हणाली. “एक दिवसाचा तर प्रश्न आहे.”

“नाही घालणार.”

“अप्पा सांगतात म्हणून नाही. मी सांगते.”

“तू सांगतेस म्हणूनच नाही. अकरा वेळा मागितलंस आणि मी एकदासुद्धा विचारलं नाही, कशाला गं. ते माझं चुकलं. तुला छातीचं पॅड हवं तर बाजारातून आण, शर्टावरून बांध, साऱ्या गावाला दिसू दे. मोठमोठ्या खेळाडू बांधतात, त्यात काही लाज नाही. पण लपवायचं जे आहे ते मी आता शिवणार नाही.”

“तुला काय, तू पायऱ्यांवर बसतेस.”

हे शब्द पावनी बोलून गेली आणि मग ओठ चावून उभी राहिली. शेषगिरी सरांनी उगाच स्कूटरची किल्ली शोधायला खिसे चाचपले, ती त्यांच्या हातातच होती.

“हो, बसते,” जयवंती म्हणाली. “बसून बसून एवढं कळलं, की तिथे ऑस्ट्रेलियात माझी गोधडी एक चेंडू टिकेल. दुसऱ्याला बरगडी जाईल. आणि मी पुन्हा सहा आठवडे तुझ्या उशाशी बसणार नाही, पावनी. एकदा बसले. पुरे झालं. साकु.” दुसऱ्यांदा ‘पुरे’ तिनं कन्नडमध्ये म्हटलं.

पावनीनं टेबलावरचं ते उसवलेलं आतलं गोळा करून बगलेत घेतलं आणि चहा तसाच ठेवून निघून गेली. सरांनी जाताना दारात थांबून, तुम्ही आज फार मोठा धोका घेताय, असं काहीसं म्हटलं. जयवंतीनं त्यांना सांगितलं, की धोका मी दहा वर्षांपूर्वीच घेतलाय, आज फक्त उसवलाय. पांडुरंगराव मात्र तिच्याकडे न बघताच निघाले. बहिणीनं त्यांच्या मुलीची एकुलती जागा कात्रीनं कापली असं त्यांना वाटत असावं, आणि तसं वाटणं चूकही नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी जयवंतीनं डबाभर कोडबळी घेतली आणि मुद्दाम आभा मॅडमच्या शेजारी जाऊन बसली. ब्लाउज आणलं नव्हतं. आज हातात सुई नको वाटली.

“घ्या,” डबा पुढे करत ती म्हणाली. “सरासरीचं लोणचं घालायला वेळ नाही झाला, पण कोडबळी घरची आहेत.”

आभा मॅडमचा हात डब्यापर्यंत येऊन थांबला. त्यांचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला, आणि मग त्या हसल्या. चांगल्या मोकळ्या हसल्या. “सगळं ऐकलंत?”

“सगळं. चार नंबरवाली माझी भाची.”

“बरं झालं सांगितलंत,” त्या म्हणाल्या, आणि एक कोडबळं मोडून अर्धं तोंडात टाकलं. माफी वगैरे मागितली नाही, ते जयवंतीला आवडलं.

मग त्या आपण होऊनच बोलल्या. हे काम किती फसवं आहे ते. मला जे बघायचंय ते इथे कुणी मला दाखवूच शकत नाही, त्या म्हणाल्या, कारण तसा वेग इथे कुणाकडे नाही. मग मी काय बघते? धावा सगळेच बघतात. मी बघते, की मुलीला न आवडणारी गोष्ट घडली की ती काय करते. तिचं ती काहीतरी शोधून काढते, की सवयीला घट्ट धरून बसते. तुमची भाची सवयीला धरून बसते, बाई. तिच्या धावा खऱ्या आहेत, पण मला त्यांच्यात ती कुठे दिसत नाही.

जयवंतीला वाटलं, आत्ता सांगावं. जिभेवर आलंही. पण ते सांगायचा हक्क तिचा नव्हता. तिनं डबा पुन्हा पुढे केला.

साडेदहाच्या सुमाराला दुसरी विकेट पडली आणि पावनी आत गेली. जयवंतीनं चेहरा पाहिला नाही, हेल्मेटही नाही. तिची नजर सरळ शर्टाच्या डाव्या अंगाकडे गेली. वारा मागून होता, आणि तिथे सैल सोडलेलं पाऊण इंच कापड मोकळं फडफडत होतं. आत काहीच नव्हतं. ना जुनं, ना बाजारातलं.

हिला म्हटलं होतं, पॅड वरून बांध. हिनं ते पण नाही बांधलं. हट्टी कुठली. कुणावर गेली आहे ते विचारायची सोय नव्हती.

मृण्मयीनं पहिला चेंडू आखूड टाकला. पावनी उडाली. खेळली नाही, उडालीच. बॅट एकीकडे, मान दुसरीकडे, आणि चेंडू खांद्यावरून निघून गेला. पायऱ्यांवर कुणीतरी फिस्कन हसलं. दुसऱ्या चेंडूला ती यष्ट्या उघड्या टाकून दोन पावलं बाजूला सरकली, सगळ्या मैदानाला दिसेल अशी. परवा टाळ्या वाजवणारे लोक एकमेकांकडे बघायला लागले. तंबूच्या दाराशी शेषगिरी सरांनी टोपी काढली आणि पुन्हा घातली.

तिसरा चेंडू डाव्या बरगडीवर बसला.

आवाज पायऱ्यांपर्यंत आला. पावनी गुडघ्यावर बसली, बॅट टेकून, मान खाली. जयवंती उभी राहिली होती, कधी उभी राहिली ते तिला कळलं नाही. फिजिओ धावत निघाली तर पावनीनं तिला हातानंच परत पाठवलं. उठली तेव्हा पांढऱ्या शर्टावर चेंडूचा लाल डाग उमटला होता, नाण्याएवढा. दहा वर्षं जयवंती हिचे शर्ट धुवायची तेव्हा डाग असेच असायचे, याच जागी. पण त्यांच्याखालची मुलगी कधी दुखून वाकलेली नव्हती.

चौथ्या चेंडूला पावनीचे पाय हलले. सुंदर वगैरे नाही, तापलेल्या फरशीवर पाय पडल्यासारखे हलले. ती मागे गेली, मान काढून घेतली आणि चेंडू नाकासमोरून जाऊ दिला. पाचव्यालाही तेच. सहावा तिनं मागे जाऊन ओढला, बॅटची वरची कड लागली आणि यष्टिरक्षकाच्या डोक्यावरून चार धावा गेल्या. गलिच्छ फटका. शेषगिरी सरांनी डोळे मिटून घेतले.

“परवाची मुलगी आणि ही, एकच का?” आभा मॅडमनी विचारलं. त्यांची पेन्सिल थांबलीच नव्हती.

“शर्ट तोच आहे,” जयवंती म्हणाली.

मधे जेवणाची सुट्टी झाली आणि गेली, तरी ते तसंच चाललं. तीन तासांत पावनीनं सदतीस धावा केल्या. त्यांतल्या निम्म्या कडेनं गेल्या, दोनदा ती चुकून वाचली, एकदा पळताना पडली. पण दर षटकात ती थोडी लवकर मागे जात होती, आणि मृण्मयी थोडी दमत होती. शेवटच्या अर्ध्या तासात तिनं एक आखूड चेंडू असा ओढला की तो सीमेपर्यंत गेला, मधोमध, टप्पे खात, आणि कुणी धावलंसुद्धा नाही. त्या फटक्याला टाळ्या कमीच पडल्या. लोक गोंधळले होते. मग पुढच्याच षटकात मृण्मयीचा चेंडू तिच्या हातमोज्याला लागून शॉर्ट लेगच्या हातात गेला, आणि ती परत आली.

चहाच्या वेळी आभा मॅडम वही बंद करून उठल्या आणि खेळाडूंच्या तंबूकडे निघाल्या. जयवंतीही मागोमाग गेली. कुणी अडवलं नाही. राज्याचे शर्ट आत घेणाऱ्या बाईला तंबूत कोण अडवणार?

पावनी खुर्चीत बसून बरगडीवर बर्फाची पिशवी धरून होती. शेजारी पांडुरंगराव उभे होते, दुसऱ्या बाजूला शेषगिरी सर. आभा मॅडमनी कुणाला नमस्कार केला नाही, सरळ विचारलं, पण आवाज कडक नव्हता.

“परवा तू तीन चेंडू अंगावर घेतलेस आणि हललीसही नाहीस. आज पहिल्यालाच पळालीस. काय बदललं?”

शेषगिरी सर पुढे आले. ते इंग्रजीत बोलले, म्हणजे प्रसंग बाका होता. तिसऱ्या दिवशी खेळपट्टी फुटली होती, एकाच टप्प्यावरून चेंडू दोन उंचीनं येत होता, मॅडमनी हे लक्षात घ्यायला हवं. आभा मॅडमनी मान डोलावली आणि पावनीकडेच बघत राहिल्या. मग पांडुरंगराव म्हणाले, की काल संध्याकाळपासून तिला बारीक ताप आहे, औषध घेऊन खेळली. ते खोटं बोलताना कायम चष्मा काढून पुसत, तसा त्यांनी आता पुसला.

आणि जयवंती. काल कात्री चालवणारी, साकु म्हणणारी, धोका उसवणारी जयवंती. तिनं ती बर्फाची पिशवी पाहिली, पिशवीवरची ती तेवीस वर्षांची बोटं पाहिली, आणि तिच्या तोंडातून निघून गेलं, “रात्री झोप झाली नाही तिची. माझ्याशी भांडण झालं, म्हणून.”

दहा वर्षांची सवय होती. एका रात्रीत कशी जाणार?

आभा मॅडमनी तिघांकडे आळीपाळीनं पाहिलं आणि वही उघडली. त्या काही लिहिणार तेवढ्यात पावनीनं बर्फाची पिशवी खाली गवतावर ठेवली. उठून उभी राहिली. उभी राहताना दुखलं असावं, पण हात बरगडीकडे नेला नाही.

“अप्पा, सर, आत्या, बस आता,” ती म्हणाली. मग आभा मॅडमकडे वळली. तिचं मराठी घरगुती, कन्नड वळणाचं, मोजक्या शब्दांचं होतं, आणि आज ते शब्द तिला पुरले.

“ताप नाही मला. झोप पण झाली. पिच पण ठीक होतं. परवा मी शर्टाच्या आत गादी घालून उभी होते, आत्यानं शिवलेली. आज घातली नाही.” तिनं एकदा श्वास घेतला. “मॅडम, मला बॉलची भीती वाटते. तेरा वर्षांची होते तेव्हापासून, दर बॉलला. आजच्या सदतीस पण भीतीतच काढल्या, आणि त्या आधीच्या चौदाशे पण. आता तुम्हाला काय लिहायचं ते लिहा.”